एकाच संगणकाचे तीन आयपी पत्ते आणि प्रॉक्सीचा सल्ला: नेमके काय समजावे?

वेण्णाकाठ

सर्वांना नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवतो. तिथे २४ संगणक असून सर्वांना मिळून एकच फायबर जोडणी आहे. भरतीचे अर्ज भरण्याची मुदत संपत आली की मुले एकाच वेळी अर्ज भरायला बसतात. गेल्या महिन्यात नेमक्या त्याच वेळी संकेतस्थळाने ‘तुमच्या आयपी पत्त्यावरून मर्यादेपेक्षा जास्त विनंत्या आल्या आहेत’ असा संदेश देऊन आम्हा सर्वांनाच अडवले. दोन मुलींचे अर्ज शेवटच्या तासात माझ्या मोबाइलवरून कसेबसे भरले गेले. त्यांच्यावर पुन्हा अशी वेळ येऊ नये, म्हणून हा विषय मुळातून समजून घ्यायचा आहे.

मी शोध घेतला तेव्हा गोंधळ वाढलाच. संगणकाच्या सेटिंगमध्ये १९२.१६८.१.१७ असा पत्ता दिसतो, राउटरच्या पानावर १००.७२ ने सुरू होणारा दुसराच पत्ता दिसतो, आणि ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावर तिसराच येतो. हे संकेतस्थळ मी मुंबईत असल्याचेही सांगते. दोन संगणकांवर तर अधूनमधून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता येतो आणि तेव्हा त्यांच्यावर इंटरनेट चालत नाही.

उपाय विचारावा तर प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. एका परिचितांनी मोफत प्रॉक्सींची यादी पाठवली, संगणक दुरुस्त करणाऱ्यांनी ‘रेसिडेन्शियल प्रॉक्सी’ विकत घ्यायला सांगितले, आणि एका विद्यार्थ्याने व्हीपीएन सुचवला. मुलांचे आधार क्रमांक, छायाचित्रे आणि शुल्काचे पैसे याच जोडणीवरून जातात, त्यामुळे न समजता काहीही करण्याची माझी तयारी नाही. या तिन्ही पत्त्यांचा अर्थ काय, आणि या प्रॉक्सींपैकी कोणती आम्हाला उपयोगी पडेल, हे कृपया सविस्तर सांगावे.

तारमास्तर

मी पत्त्यांविषयी लिहितो. प्रॉक्सीविषयी इथे माझ्यापेक्षा अधिक अनुभवी मंडळी आहेत.

तुम्हाला दिसलेले तिन्ही पत्ते खरे आहेत, पण प्रत्येकाची हद्द वेगळी आहे. आयपी म्हणजे इंटरनेटवरील उपकरणांना पत्ते देण्याची आणि त्यांच्यात माहिती पोहोचवण्याची नियमावली. तिच्या ज्या चौथ्या आवृत्तीवर आजही बरेचसे इंटरनेट चालते, ती सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांचा, असल्यामुळे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होतात. त्या काळी ही संख्या प्रचंड वाटली असणार. प्रत्यक्षात ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे पाच विभागीय नोंदणी संस्थांना वाटून झाले, आणि १५ एप्रिल २०११ पासून आशिया-प्रशांत विभागातही रेशनिंग सुरू झाले. त्यानंतर उभ्या राहिलेल्या पुरवठादारांना प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र पत्ता मिळणे जवळजवळ अशक्यच होते.

ही टंचाई दिसू लागली तेव्हाच काही पत्ते केवळ अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ या पट्ट्यातील आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९० च्या दशकापासून या खासगी वापरासाठी आहेत. ‘पहिला मजला, खोली क्रमांक ३’ हा पत्ता प्रत्येक इमारतीत असू शकतो, पण इमारतीबाहेर त्याला अर्थ नसतो. तसाच तुमचा १९२.१६८.१.१७ हा पत्ता अभ्यासिकेच्या भिंतींच्या आतच चालतो.

आत २४ पत्ते असताना बाहेर एकच कसा दिसतो, हे समजण्यासाठी सरकारी कार्यालयातील आवक-जावक बारनिशी डोळ्यांसमोर आणावी. कर्मचारी कितीही असले तरी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर कार्यालयाचाच पत्ता असतो. सोबत जावक क्रमांक असतो, आणि उत्तर आले की त्या क्रमांकावरून कारकून ते योग्य टेबलावर पोहोचवतो. राउटर हेच काम करतो. त्याच्या जावक क्रमांकाला पोर्ट म्हणतात, आणि एका पत्त्याला असे ६५,५३६ पोर्ट क्रमांक असतात.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो. राउटरवर दिसणारा १००.७२ हा पत्तासुद्धा सार्वजनिक नाही. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये खास इंटरनेट पुरवठादारांसाठी राखून ठेवण्यात आला. याचा अर्थ तुमच्या बारनिशीतून निघालेले पत्र पुरवठादाराच्या मोठ्या बारनिशीत जाते, तिथे त्याच्यावर पुन्हा नवा पत्ता आणि नवा क्रमांक चढतो, आणि मग ते बाहेर पडते. तुम्हाला दिसलेला तिसरा पत्ता त्या मोठ्या कार्यालयाचा असून तो तुमच्याबरोबर इतर अनेक ग्राहकही वापरत असतात. त्यामुळे संकेतस्थळाने मोजलेल्या विनंत्या केवळ तुमच्या २४ संगणकांच्याच होत्या, असे मानण्याचे कारण नाही.

मुंबईचा उलगडाही यातच आहे. आयपी पत्त्यात गावाचे नाव कुठेही लिहिलेले नसते. काही कंपन्या नोंदणीच्या तपशिलांवरून आणि इतर खुणांवरून अंदाज बांधून याद्या तयार करतात, आणि पुरवठादाराचे मोठे केंद्र मुंबईत असेल तर त्याच्या ग्राहकांचे गावही बहुतेक वेळा मुंबईच दिसते. हे अंदाज किती फसू शकतात याचे एक उदाहरण २०१६ मध्ये उजेडात आले. अशाच एका कंपनीने, अमेरिकेतले आहेत एवढेच माहीत असलेल्या पत्त्यांसाठी, त्या देशाच्या साधारण मध्याजवळचा एक बिंदू ठरवला होता. तो बिंदू कॅन्सस राज्यातील एका शेतघरावर पडला. ६० कोटींहून अधिक आयपी पत्ते त्या एका घराच्या नावे दिसत होते, आणि तिथे राहणाऱ्यांना वर्षानुवर्षे पोलिसांच्या आणि संतापलेल्या अनोळखी लोकांच्या फेऱ्या सोसाव्या लागल्या.

१६९.२५४ चे कारण साधे आहे. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की संगणक स्वतःच या पट्ट्यातील एक पत्ता घेऊन बसतो. केबल आणि स्विच (संगणकांच्या केबल एकत्र जोडणारी पेटी) तपासाच, पण त्याआधी राउटर किती पत्ते वाटू शकतो ते पाहा. मुलांचे मोबाइल वायफायवर असतील तर ठरवून दिलेले पत्ते संपून उरलेल्या संगणकांना काहीच मिळत नाही.

पुरवठादाराकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागा, ज्याला सगळे ‘स्टॅटिक आयपी’ म्हणतात. त्यासाठी सहसा वेगळे शुल्क द्यावे लागते, पण तो पत्ता केवळ तुमचा असतो.

कातळशिल्प

तारमास्तर यांनी पत्त्यांचे चित्र स्पष्ट केले आहे, पण त्यांच्या शेवटच्या सल्ल्याला एक पुरवणी जोडणे मला आवश्यक वाटते. स्थिर पत्ता मिळाल्यावर अनोळखी ग्राहकांचा भार जाईल, पण तुमचे २४ संगणक त्या एकाच पत्त्यामागे राहतील. मी गेली काही वर्षे संकेतस्थळांचे सर्व्हर सांभाळतो. एका पत्त्यावरून मिनिटाला किती विनंत्या स्वीकारायच्या ही मर्यादा आम्हीच लावतो, कारण तसे केले नाही तर एखादा स्वयंचलित प्रोग्रॅम सर्वांची वाट अडवू शकतो. या मर्यादेला २४ मुले आणि एक प्रोग्रॅम यांतला फरक कळत नाही. म्हणून शेवटच्या दिवसांत सहा-सात संगणक दुसऱ्या जोडणीवर, अगदी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही, हलवले तर तो उपाय कोणत्याही प्रॉक्सीपेक्षा सरळ ठरेल.

आयपीची सहावी आवृत्तीही तपासून पाहा. तिच्यात पत्ता १२८ बिटांचा असल्यामुळे प्रत्येक संगणकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि बारनिशीची गरज राहत नाही. आपल्याकडील मोबाइल जाळ्यांवर ती मोठ्या प्रमाणावर चालते. मात्र समोरचे संकेतस्थळही त्या आवृत्तीवर असावे लागते. शिवाय आमच्यासारखे बरेच जण तिथे सुटा पत्ता न मोजता त्याचे पहिले ६४ बिट, म्हणजे एका जाळ्याचा सगळा पट्टा, एकच धरून मोजतात.

आता प्रॉक्सी. महाविद्यालयात हजेरीची प्रॉक्सी लावतात, तोच हा शब्द: एकाच्या नावाने दुसऱ्याने बोलायचे. इंटरनेटवर विचारण्याचा पहिला प्रश्न असा की हा दुसरा कोणाच्या बाजूने उभा आहे.

तो वापरणाऱ्याच्या बाजूने असेल तर ती नेहमीच्या अर्थाची प्रॉक्सी होय. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ब्राउझरमध्ये ३१२८ हा पोर्ट भरल्याचे अनेकांना आठवत असेल. तो स्क्विड या प्रॉक्सीचा ठरलेला पोर्ट आहे, आणि तिचा मूळ उद्देश एकदा आणलेले पान साठवून पुढच्या मागणाऱ्याला जागेवरूनच देणे हा होता. मंद जोडणीच्या काळात हा मोठा आधार होता. आता बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर कूटबद्ध होऊन येत असल्याने अशी साठवणूक फारशी होत नाही. कोणती संकेतस्थळे उघडू द्यायची आणि कोणी कधी काय उघडले याची नोंद ठेवणे, हाच तिचा मुख्य उपयोग उरला आहे. काही ठिकाणी ब्राउझरमध्ये काहीही न भरता, वापरणाऱ्याच्या नकळत अशी प्रॉक्सी वाटेतच बसवलेली असते, आणि तिला पारदर्शक प्रॉक्सी म्हणतात.

तो संकेतस्थळाच्या बाजूने उभा असेल तर ती उलट प्रॉक्सी. तुमचा अर्ज ज्या सर्व्हरकडे जातो असे तुम्हाला वाटते, त्याच्या पुढे बहुधा अशी एक प्रॉक्सी असते. ती आलेला भार मागच्या अनेक सर्व्हरमध्ये वाटते, हल्ले अडवते आणि मर्यादेचा तो संदेशही बहुतेक तीच दाखवते. मूळ ग्राहकाचा पत्ता पुढे कळावा म्हणून ती प्रत्येक विनंतीला ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ नावाची ओळ जोडते. वापरणाऱ्याच्या बाजूची प्रॉक्सीही ही ओळ जोडू शकते. ती ओळ जोडली की तुमचा मूळ पत्ता समोर कळतो. ती गाळली पण मधे प्रॉक्सी असल्याची खूण ठेवली, तर समोरच्याला मध्यस्थ आहे एवढे समजते. दोन्ही गाळले तर ती प्रॉक्सी आहे हेही सहज ओळखू येत नाही. विक्रेत्यांच्या याद्यांमध्ये दिसणाऱ्या गोपनीयतेच्या पायऱ्या म्हणजे एवढाच फरक असतो.

सॉक्स हा प्रकार याहून साधा आहे. त्याला वेबपानांशी देणेघेणे नसते, कोणत्याही प्रोग्रॅमची माहिती तो इकडून तिकडे पोहोचवतो. त्याची पाचवी आवृत्ती १९९६ मध्ये ठरली आणि आजही तीच चालते. मात्र सॉक्स स्वतः काहीही कूटबद्ध करत नाही, हे ध्यानात ठेवावे. व्हीपीएन वेगळा असतो. तो बहुधा सगळ्या संगणकाची वाहतूक एका कूटबद्ध बोगद्यातून पलीकडच्या सर्व्हरपर्यंत नेतो, आणि पुढचा प्रवास त्या सर्व्हरच्या पत्त्याने होतो.

तुम्हाला सुचवलेली ‘रेसिडेन्शियल’ प्रॉक्सी म्हणजे काय, हे मला जरा थांबून सांगायचे आहे. डेटा सेंटरमधील पत्ते कोणत्या कंपनीच्या नावे नोंदलेले आहेत हे उघड असल्यामुळे संकेतस्थळे ते सहज ओळखतात आणि अडवतात. त्याला वळसा घालण्यासाठी लोकांच्या घरातील जोडण्यांमधून वाहतूक वळवली जाते आणि ती सोय विकली जाते. घरमालकाने समजून-उमजून संमती दिली असेल तर प्रश्न वेगळा, पण अनेकदा त्याला याचा पत्ताच नसतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ‘९११ एस५’ नावाचे असे जाळे मोडून काढले. त्यात जवळपास २०० देशांतील १.९ कोटींहून अधिक आयपी पत्ते सापडले. मोफत व्हीपीएन म्हणून उतरवून घेतलेल्या प्रोग्रॅमनीच त्या संगणकांची दारे उघडली होती, आणि त्या पत्त्यांच्या आडून झालेल्या फसवणुकीचा माग त्या निरपराध घरांपर्यंत जात होता. तुमच्या अभ्यासिकेतील एखाद्या संगणकावर मुलांनी असा मोफत प्रोग्रॅम घातला, तर उद्या विक्रीला असलेला ‘घरगुती पत्ता’ तुमचाच असेल. म्हणून मी म्हणेन की ही प्रॉक्सी विकतही घेऊ नये आणि नकळत विकलीही जाऊ देऊ नये.

मोफत यादीतील प्रॉक्सी तर अर्ज भरण्यासाठी अजिबात वापरू नयेत. कुलपाचे चिन्ह असलेल्या संकेतस्थळाचा मजकूर प्रॉक्सीला सहसा वाचता येत नाही. तिला फक्त संकेतस्थळाचे नाव आणि किती माहिती गेली-आली एवढेच कळते. परंतु एखादी प्रॉक्सी किंवा तिचा अ‍ॅप ‘आमचे प्रमाणपत्र बसवा’ असे सांगत असेल, तर ते बसवताच मधल्या माणसाला आधार क्रमांकापासून पासवर्डपर्यंत सर्व काही उघडून वाचता येते. शिवाय अर्ज भरताना मधेच पत्ता बदलला की अनेक संकेतस्थळे पुन्हा लॉगिन करायला लावतात, आणि भारतीय कार्डाचे पैसे अचानक परदेशी पत्त्यावरून जाऊ लागले तर बँकेला संशय येऊ शकतो. मुदतीच्या शेवटच्या तासात यातले काहीही परवडणारे नाही.

पैलतीर

मी जर्मनीत राहतो आणि इथून काही भारतीय सरकारी संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण ती परदेशी पत्ते अडवतात. त्यामुळे कातळशिल्प यांच्या शेवटच्या मुद्द्याची दुसरी बाजू सांगतो. वेण्णाकाठ यांनी परदेशी सर्व्हरचा व्हीपीएन लावला, तर आज उशिरा का होईना उघडणारे संकेतस्थळ कदाचित उघडणारच नाही.

भारतीय पत्ता देणाऱ्या व्हीपीएनचेही एक वैशिष्ट्य आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकांची नावे आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जपून ठेवायचे आहेत. त्यानंतर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातील सर्व्हर काढून घेतले, पण भारतीय पत्ते देणे थांबवले नाही. सर्व्हर प्रत्यक्षात सिंगापूर किंवा लंडनसारख्या ठिकाणी असतो आणि पत्ता मात्र याद्यांमध्ये भारताचा म्हणून लागतो. त्यामुळे साताऱ्यातून निघालेला अर्ज समुद्रापार जाऊन परत मुंबईला येईल, आणि वेगावर त्याचा परिणाम होईल तो वेगळाच.

उंबरठा

मी संगणक प्रयोगशाळा सांभाळणारी शिक्षिका आहे. वर न आलेला एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, तो नोंदींचा. शुल्क घेऊन लोकांना इंटरनेट वापरू देणारी जागा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या व्याख्येत सायबर कॅफे ठरू शकते. सायबर कॅफेसाठीच्या २०११ च्या नियमांत वापरणाऱ्यांची ओळख तपासून नोंदवही ठेवणे, आणि प्रॉक्सी सर्व्हर बसवलेला असल्यास त्याच्या नोंदी किमान एक वर्ष जपणे अपेक्षित आहे. तुमची अभ्यासिका त्यात बसते का, हे एखाद्या जाणकार वकिलांना अवश्य विचारावे.

हे मी केवळ नियम म्हणून सांगत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला २४ मुलांचा पत्ता एकच दिसतो, त्यामुळे उद्या चौकशी आली तर ती सगळ्यांवर येते. २००७ मध्ये पुणे पोलिसांनी ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकरणात बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. सुमारे ५० दिवस तुरुंगात काढल्यावर स्पष्ट झाले की आयपी पत्त्यावरून ग्राहकाची मिळालेली माहितीच चुकीची होती. त्या तरुणाचे ते दिवस कोणीही परत देऊ शकले नाही. पत्ता सामायिक असेल तर पत्त्याबरोबर नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांकही लागतो. परदेशी सर्व्हरच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास असते, हे विसरले तर संशय भलत्याच माणसावर जाऊ शकतो. म्हणून राउटरचे घड्याळ बरोबर ठेवावे, प्रत्येक संगणकाला कायमचा अंतर्गत पत्ता बांधून द्यावा, आणि त्या संगणकावर कोण केव्हा बसले याची वही लिहावी. अशा वहीमुळे निर्दोष मुलाचे रक्षण होते.

वेण्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन आठवड्यांनंतर काय झाले ते सांगतो.

राउटरच्या पानावर पाहिले तेव्हा तो केवळ ३० पत्ते वाटत होता आणि मुलांचे मोबाइल त्यातले बरेच घेत होते. मर्यादा १५० केली, आणि १६९.२५४ त्यानंतर दिसलेला नाही. उंबरठा मॅडमनी सांगितल्याप्रमाणे २४ संगणकांना कायमचे अंतर्गत पत्ते बांधून दिले आणि टेबलांवर तेच क्रमांक चिकटवले. नोंदवही सुरू केली आहे. तीन संगणकांवर मोफत व्हीपीएन सापडले. ते काढून टाकले आणि का काढले हे मुलांना समजावून सांगितले.

पुरवठादाराने वेगळे मासिक शुल्क घेऊन स्थिर पत्ता दिला आहे. आता राउटरच्या पानावर आणि बाहेरच्या संकेतस्थळावर एकच पत्ता दिसतो. मागच्या गुरुवारी एका भरतीचा शेवटचा दिवस होता. १७ मुले फायबरवर आणि सात मुले दोन मोबाइल हॉटस्पॉटवर बसवली, आणि सर्वांचे अर्ज दुपारीच भरून झाले. स्थिर पत्ता घेतल्यानंतर आणखी काही करायचे राहिले आहे का?

तारमास्तर

राहिले आहे, आणि ते आजच करावे. आतापर्यंत पुरवठादाराच्या बारनिशीमुळे बाहेरच्या कोणालाही तुमच्या राउटरपर्यंत थेट पोहोचता येत नव्हते. आता ते शक्य आहे. राउटरचा मूळ पासवर्ड बदला, बाहेरून त्याचे पान उघडण्याची सोय बंद करा, आणि त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्या. सीसीटीव्ही बसवणाऱ्याने कॅमेरे घरून पाहता यावेत म्हणून पूर्वी एखादा पोर्ट उघडून ठेवला असेल, तर तो आजवर निरुपयोगी होता, पण स्थिर पत्ता मिळाल्यापासून तो जगाला दिसू लागला आहे. तो शोधून बंद करा.